खिशातला कागद

चौदा नियम धारण करणाऱ्या श्रावकाचा दिवस मर्यादेने उजाडतो. आज सचित्त किती, द्रव्ये किती, विगई कोणत्या सोडायच्या, वाहन कोणते, कोणत्या दिशेला किती अंतर जायचे, हे सकाळी ठरते आणि सायंकाळी त्याचा हिशेब पाहिला जातो. त्यासाठी चौदा रकान्यांची छापील चिठ्ठी किंवा लहानशी पुस्तिका खिशात बाळगणारे वडीलधारे आजही आपल्यात आहेत. ‘आजोबा, हे मोबाइलमध्येच का नाही टिपत?’ असे नातवंडे त्यांना विचारतात.

प्रश्न रास्त आहे. आमच्या खराडीत तर तो फारच स्वाभाविक. ईऑनच्या आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारतींत ज्यांचा सारा दिवस संगणकापुढे जातो, त्यांना कागदाचे चिटोरे म्हणजे मागे राहून गेलेली वस्तू वाटणारच. गंमत अशी की, कागदाकडे परतण्याची एक गाजलेली कल्पना संगणकाच्याच दुनियेतून आली. २००४ साली मर्लिन मान या अमेरिकी लेखकाने खिशात मावणाऱ्या महागड्या यंत्रांची थट्टा करीत एक साधन सुचवले: ३ बाय ५ इंचांची काही कोरी कार्डे आणि त्यांना एक क्लिप. लोकांनी ती थट्टा मनावर घेतली, आणि संगणकावर पोट असलेली माणसे खिशात कार्डे घेऊन हिंडू लागली.

या कार्डाचा मला जाणवणारा मोठा गुण हा की, ते भरते. पंधरा-वीस ओळी झाल्या की जागा संपते आणि नवे काम लिहायचे तर जुने एखादे खोडावे लागते. मोबाइलमधील यादीला तळ नाही. तिच्यात तीनशे कामे सुखाने पडून राहतात आणि आपण मात्र उगीचच ऋणको झाल्यासारखे वावरतो. परिग्रहाला परिमाण हवे, हे आपण धनधान्याच्या बाबतीत ऐकत आलो आहोत. मनात साठवलेल्या संकल्पांनाही ते लागू करण्यास कोणाची हरकत असावी?

‘माझे सगळे लक्षात राहते, मला कागद कशाला?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक थोर उदाहरण आहे. श्रीमद् राजचंद्र (१८६७–१९०१) शतावधानी होते. शंभर गोष्टींकडे एकाच वेळी अवधान ठेवण्याचे प्रयोग त्यांनी मुंबईत जाहीरपणे करून दाखवले होते. अशा पुरुषाला विस्मरणाचे भय कसले! तरी ते वही बाळगत. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींची आणि त्यांची मुंबईत भेट झाली. हिरे-मोत्यांचा मोठा व्यापार सांभाळणाऱ्या या जवाहिऱ्यापाशी एखादा धर्मग्रंथ आणि रोजनिशी सदैव असे, आणि व्यवहाराचे बोलणे आटोपताच त्यांतील एक उघडले जाई, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. श्रीमदांच्या तीन वह्या पुढे ‘हाथनोंध’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत बाजारभाव नाहीत. स्वतःशीच चाललेला विचार आहे.

मला त्या वर्णनातील ‘आटोपताच’ महत्त्वाचे वाटते. दोन सौद्यांमधला तो रिकामा क्षण कोणाच्या हाती जातो? खराडी बायपासच्या चौकात रिक्षा अडकली, लिफ्टपुढे रांग लागली, की आपला हात आपोआप खिशाकडे जातो. तेथे मोबाइल असेल तर एक काम पाहायला म्हणून तो बाहेर निघतो आणि बातमी, लग्नाची छायाचित्रे, कुणाचा तरी वाद असे करीत मुक्काम येतो. मूळ काम पाहायचे राहूनच जाते. कागद बाहेर काढला तर त्यावर आपणच सकाळी लिहिलेल्या ओळी असतात, दुसरे काही नसते.

साधन फुकटात होते. पाठकोरा ए-४ कागद तीनदा दुमडला की आठ भाग पडतात आणि घडी सदऱ्याच्या खिशात सहज मावते. वरच्या भागावर आजची कामे, आतल्या एका भागावर आजचे नियम, उरलेल्या जागेत निरोप, किराणा, महाराज साहेबांना विचारायची शंका. सायंकाळच्या प्रतिक्रमणापूर्वी एकदा नजर फिरवावी. औषधाची वेळ किंवा रेल्वेची तारीख मात्र मोबाइललाच सांगावी. कागद गजर देत नाही, आणि त्याच्यावर तेवढा भार टाकणे हा हट्टच होय.

एक पथ्य आपल्या घरांसाठी सांगायला हवे. पँटच्या मागच्या खिशात, शौचालयात नेल्या जाणाऱ्या कागदावर नवकार किंवा सूत्रपाठ लिहू नये. ती ज्ञानाची आशातना ठरते. नियमांसाठी आद्याक्षर आणि आकडा पुरतो: ‘द्र. १२’, ‘वा. २’. काही घरांत लिहिलेला कोणताही कागद पायदळी जाऊ नये असा कटाक्ष असतो. त्यांनी जुन्या घड्या एका डब्यात साठवाव्यात आणि ज्ञानपंचमीच्या सुमारास कपाटातील पुस्तके पुसायला काढतो, तेव्हा त्याही एकदा चाळून पाहाव्यात. ‘वा. २’ लिहिलेल्या दिवशी खरोखर किती वेळा गाडी काढली, ते तेथे आपल्याच अक्षरात सापडेल.