तार कोणाच्या हक्काची?

खेडुतास इंटरनेट हवें कशाला, असा प्रश्न अद्यापि सुशिक्षित मंडळींत ऐकूं येतो. सात-बाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल हें सर्व ज्या सरकारनें इंटरनेटवर नेऊन ठेविलें, त्यासच तो विचारावा. कचेरीचें दार हलविणारानें तेथवरचा रस्ताही बांधून दिला पाहिजे, असें आम्ही म्हणतों.

पैशाची सबब येथें चालणार नाहीं. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नाचा शेंकडा 5 भाग याच कामासाठीं घेतला जातो. त्या निधीस 2003 सालीं कायद्याचें अधिष्ठानही मिळालें. 2011 सालीं सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायती काचतंतूंच्या तारेनें जोडण्याचा संकल्प झाला, तोही दोन वर्षांच्या मुदतीनें! मुदत वाढत गेली. 2015 सालीं योजनेचें नांव 'भारतनेट' झालें, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यानें निधीचेंही बारसें करून त्यास 'डिजिटल भारत निधि' म्हटलें. (बारशांच्या कामीं आपला हात धरणारा विरळा.) ब्रॉडबँडची जोडणी मागण्याचा हक्क मात्र त्या कायद्यानें नागरिकास दिला नाहीं.

फिनलंडनें जुलै 2010 पासून सेकंदास 1 मेगाबिट वेगाची जोडणी हा रहिवाशांचा कायदेशीर हक्क ठरविला. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें 30 एप्रिल 2025 रोजीं, अंध व ॲसिडहल्ल्यांच्या बळींच्या याचिकांवर निर्णय देतांना, डिजिटल सेवांपर्यंत पोंचण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमांत धरिला. मग संसदेनें मागें कां राहावें? वेग, दर, जोडणीची मुदत व कसूर झाल्यास भरपाई कायद्यांतच लिहावी, आणि दाद मागण्याचें ठिकाण दिल्लीस न ठेवतां तालुक्यास ठेवावें.