‘धम्म’ लिहिला, ‘धर्म’ उमटला : शब्द सुचवणारा कोण?



सेनगावातल्या आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर ऑक्टोबरमध्ये एक निमंत्रण आलं. त्यात लिहिलं होतं, ‘धर्मचक्र प्रवर्तन दीन’. दोन मिनिटांत तोफा सुरू झाल्या. एकाने विचारलं, “धम्माचा धर्म कुणी केला? कुणाच्या सांगण्यावरून?” दुसऱ्याने लिहिलं, “आधी शुद्धलेखन शिका, मग चळवळ करा.” आमच्यातल्या काहींनी त्यावर हसण्याचे इमोजी टाकले. निमंत्रण लिहिणारा आमचा साथी जन्मापासून दृष्टिहीन आहे. त्याने उत्तर दिलं नाही. पुढचे आठ दिवस त्याने ग्रुपवर एक अक्षरही टाकलं नाही.

शेवटी आम्हीच त्याच्या घरी गेलो. तो एवढंच म्हणाला, “म्या धम्मच लिवला व्हता. फोननं बदलला.”

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्याजवळ बसून तो लिहितो कसं ते पाहिलं. त्याच्या फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे. बोट पडद्यावर फिरवलं की खाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो. हवं ते अक्षर ऐकू आलं की बोट उचलायचं, मग ते उमटतं. ‘प्रतिनिधित्व’ या एका शब्दासाठी मराठी कीबोर्डवर बारा कळा लागतात. पाय मोडायची खूण वेगळी, वेलांटी वेगळी. बारा वेळा शोधायचं, बारा वेळा ऐकायचं. म्हणून तीन-चार अक्षरं झाली की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत फोन जे शब्द सुचवतो ते त्याच्यासाठी चैन नाहीत, गरज आहे. बोट वर नेऊन तो ते एकेक ऐकतो आणि हवा त्यावर दोनदा टॅप करतो.

पण हाच कीबोर्ड स्पेस दाबल्याबरोबर आपल्याला योग्य वाटेल तो शब्द परस्पर बसवतो. डोळस माणसाला बदल दिसतो. आमचा साथी त्या वेळी हिंगोलीहून येणाऱ्या एसटीत होता, एका कानात इअरफोन, आजूबाजूला गलका. ‘धम्म’चा ‘धर्म’ कधी झाला ते कळलंच नाही. आणि ‘दिन’ व ‘दीन’ तर फोनच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. ऱ्हस्व-दीर्घ पकडायचं तर शब्द पुन्हा अक्षर-अक्षर ऐकावा लागतो. पन्नास शब्दांच्या निमंत्रणासाठी ही कसरत किती वेळा करायची?

काहीजण म्हणतील, सजेशन बंद करा. बंद केलं की शब्द बदलणार नाही, पण बारा कळांचं ओझं परत डोक्यावर येतं. बोलून टाइप करायचं म्हटलं तर तिथेही हाच प्रश्न. आमच्याकडचं ‘मपलं-तुपलं’ यंत्राला कितपत कळतं, ते ज्याने वापरून पाहिलं त्याला विचारा.

दुसरं उत्तर हमखास येतं : “यंत्राला कुठं जात असते?” बरोबर आहे, यंत्राला जात नसते. यंत्र फक्त मोजतं. ज्या लिखाणावर ते शिकवलं जातं, त्यात जो शब्द जास्त वेळा आला तो आधी सुचवतं. मग प्रश्न असा आहे की शंभर-दीडशे वर्षं या भाषेत छापत कोण होतं? छापखाने कुणाचे, वर्तमानपत्रं कुणाची, शाळेची पुस्तकं कुणी लिहिली? ‘धर्म’ लाखो वेळा आला आणि ‘धम्म’ त्या मानाने थोडा, तर यंत्राला ‘धम्म’ ही चूकच वाटणार. बहुसंख्येची सवय इथे शुद्धलेखन बनून येते.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नाही. दुसऱ्याच्या छापखान्यात आपले शब्द बसत नाहीत, हे ओळखूनच त्यांनी आपलं पत्र काढलं. आणि आपण मराठवाड्याचे लोक तर एका नावाची किंमत जाणतो. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला, विद्यापीठाच्या फलकावर बाबासाहेबांचं नाव १४ जानेवारी १९९४ला आलं. मधल्या काळात घरं जळाली, माणसं मेली. ज्यांनी एका नावासाठी एवढं सोसलं, त्यांनी ‘एका शब्दाने काय फरक पडतो’ असं म्हणू नये.

हा चार-दोन माणसांचा प्रश्न आहे असंही समजू नका. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्या वस्तीत जास्त आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ माहिती आणि तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असं असावं म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम सक्तीचे करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सुविधा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. म्हणून ही मागणी दयेची नाही, हक्काची आहे.

पण कंपन्यांकडे आणि सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपलं घर पाहू. जयंतीचं बॅनर आपण फोटो म्हणून टाकतो. खाली तारीख, वेळ, ठिकाण मजकुरात लिहीत नाही. स्क्रीन रीडर असलेल्या साथीच्या हाती त्यातून बहुधा काहीच लागत नाही. बाबासाहेबांच्या खंडांच्या ज्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात, त्यातल्या बऱ्याच पानांचे नुसते फोटो असतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रकं फोन भलतीच वाचतो. म्हणजे ज्याला शिकायचं आहे, त्याच्या हातातलं पुस्तक आपणच मिटून ठेवलं आहे.

म्हणून आम्ही सेनगावात ठरवलं आहे :

१. प्रत्येक बॅनरखाली पूर्ण मजकूर युनिकोड मराठीत टाकायचा.

२. ‘धम्म’, ‘धम्मदीक्षा’, ‘नामांतर’, ‘बुद्धविहार’ असे आपले शब्द एकमेकांच्या फोनमधल्या वैयक्तिक शब्दकोशात बसून भरायचे. तिथे शॉर्टकट देता येतो. ‘जभ’ लिहिलं की ‘जय भीम’ सुचवलं जाईल.

३. महत्त्वाचा मजकूर असेल तर शब्द आपोआप बदलणारी सोय तेवढी बंद ठेवायची, सुचवणं चालू ठेवायचं. या दोन सोयी वेगळ्या आहेत.

४. शुद्धलेखनावरून कुणाची खिल्ली उडवायची नाही. “तुम्हाला लिहिता येत नाही” हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी पुरेसं ऐकलं आहे. ते आपल्या तोंडी शोभत नाही.

५. आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत, जास्तीत जास्त लिहायचं. यंत्र मोजतं ना? मग मोजू दे.

त्या निमंत्रणाखाली ज्यांनी इमोजी टाकले होते, त्यांनी ग्रुपवरच माफी मागितली. आम्हीही त्यात होतो. आमच्या साथीने उत्तरात दोनच शब्द लिहिले. ते सुचवलेले नव्हते, त्याने एकेक अक्षर शोधून लिहिले होते :

जय भीम.