घरबसल्या काम, फुकटचं काम?



आठ मार्चच्या कार्यक्रमासाठी आम्हांला दोन मिनिटांची अॅनिमेशन फिल्म हवी होती. नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी कुणीतरी सुचवली. ती बैठकीला आली, विषय समजावून घेतला आणि निघताना संकोचून विचारलं, "मानधन किती?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पैशांचा विचार कुणीच केलेला नव्हता. "चळवळीचं काम आहे गं," एकजण म्हणालीही. त्यावर ती म्हणाली, "ताई, सगळे असंच काहीतरी म्हणतात."

मग तिनं सांगितलं. स्टुडिओत नोकरी मिळाली नाही म्हणून ती फ्रीलान्स कामं शोधते. आधी 'टेस्ट' म्हणून थोडं काम फुकट करून घेतात. ते पाठवलं की उत्तरच येत नाही. काम मिळालं तर करार तोंडी, दुरुस्त्यांना अंत नाही आणि पैसे 'क्लायंटकडून आले की'. घरी असते म्हणून घरचे तिला रिकामी समजतात. दार तिनं उघडायचं, भाकऱ्या तिनं टाकायच्या आणि आपलं काम रात्री करायचं.

हातानं काढलेल्या अॅनिमेशनला सेकंदाला साधारण 12 चित्रं लागतात. म्हणजे दोन मिनिटांना 1440! संगणकानं काही श्रम वाचतात, पण डोळे आणि पाठ तिचीच झिजते. आम्ही जिला 'छोटीशी फिल्म' म्हणत होतो, ती ही.

ऐकताना सोलापूरच्या विडी कामगार बाया आठवल्या. काम घरी, हिशेब नगावर. खराब ठरवलेल्या विड्यांची 'छाट' निघाली की तिचे पैसे नाहीत. फुकटची टेस्ट म्हणजे छाटच. हत्यार बदललं, मालकाशी असलेलं नातं तेच राहिलं. घरी विड्या वळणारी बाईही कामगार आहे, हे 1966 च्या कायद्यानं मानलं. पण त्याचा लाभ पदरात पाडून घ्यायला बायांना संघटित व्हावं लागलं. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1996 मध्ये करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

प्रश्न कसबाचा नाही. लोटे रायनिगर या जर्मन बाईनं 1926 मध्ये कागदी आकृत्या कातरून पूर्ण लांबीचा चित्रपट केला. आपल्या मुंबईच्या गीतांजली राव यांच्या 'प्रिंटेड रेनबो' या लघुपटाला 2006 मध्ये कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. प्रश्न आहे तो एकटीनं सौदा करण्याचा.

म्हणून काही गोष्टी माहीत हव्यात. सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी मोफत होते. ती काम घेण्याआधीच करावी. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेलीचे पैसे करार नसेल तर 15 दिवसांत, असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं आणि दाद मागायला परिषद आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर 2013 चा कायदा नोकरीत नसलेल्या बाईलाही लागू आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. आणि प्रत्येक कामाचा करार लेखी हवा: अर्धे पैसे आधी, दुरुस्त्या किती वेळा ते ठरलेलं, फिल्मवर आपलं नाव.

पण कायदा दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्याकडे पाहू या. पोस्टर, मुखपृष्ठ, फिल्म ही कामं आपण किती जणींकडून फुकट करून घेतली? बाईच्या घरकामाला मोल नाही म्हणून आपण घोषणा देतो आणि तिच्या चित्राला मोल द्यायचं विसरतो. आम्ही त्या मुलीशी लेखी करार केला, आगाऊ रक्कम दिली. आमच्या अंदाजपत्रकात त्यासाठी जागा नव्हती, प्रवासखर्चातून काढली. यापुढे ती जागा पहिल्यापासून असेल.

वर्षातून दोन कामं देऊन तिचं पोट भरणार नाही, हे आम्हांला कळतं. पण अशा मुली एकेकट्या घरांत बसल्या आहेत. त्यांना एकत्र बसायला जागा आपण देऊ शकतो. तुमच्या गटात हे कसं चालतं? मोकळेपणानं लिहा. आपल्या चुकांसकट.