बोरघाटातून व्हेलोड्रोमकडे

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून जाणाऱ्या सायकलपटूच्या दमसासाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि हाच गडी प्रथम व्हेलोड्रोमवर उतरतो तेव्हा रस्त्यावर शिकलेले निम्मेअधिक त्याला विसरावे लागते. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो, फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. सवयीने पाय थांबवू जावे, तर चाकच पायांना रेटते आणि स्वार उसळून पडण्याचा संभव असतो. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला लाकडी ट्रॅक 250 मीटरचा आहे. एवढ्या आखूड ट्रॅकची वळणे चाळीस अंशांहून अधिक कललेली असतात. भयापोटी वेग फार कमी करावा, तर चाक खाली घसरते. ज्याची भीती वाटते त्या वेगातच सुरक्षितता, हे घाट उतरताना ब्रेकवर बोटे ठेवणाऱ्याला कसे पटावे?

एसो अल्बेन व त्याच्या सहकाऱ्यांनी 2019 साली जर्मनीत ज्युनियर जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक मिळविले, ते ट्रॅकवरच घडलेले खेळाडू होत. आपल्याकडे रस्त्यावरच्या शर्यती जिंकणाऱ्या मुलांना मात्र ट्रॅकची सायकल विकत घेणे परवडत नाही, आणि केवळ चाचणीसाठी ती घेण्यात शहाणपणही नाही. म्हणून क्रीडाखात्याने व संघटनांनी अशा सायकली उसन्या देण्यासाठी बाळगाव्यात, आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली, ट्रॅकच्या तळाशी असलेल्या निळ्या पट्ट्यावर, नवख्यांना पहिले काही फेरे निर्धोकपणे मारू द्यावेत.