शिवी दिली नाही म्हणजे बोलणं शुद्ध? बायबलची कसोटी काय सांगते

'मी कधी शिवी देत नाही,' असं अनेक जण अभिमानाने सांगतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मात्र तेवढं पुरेसं नाही.

बायबलमध्ये काय आहे?
इफिसकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायात पौलाने वाईट बोलण्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'साप्रोस' हा शब्द वापरला आहे. अर्थ, सडलेलं. मत्तयच्या शुभवर्तमानात हाच शब्द वाईट फळाला आणि जाळ्यातून फेकून दिलेल्या माशांना लावला आहे. याउलट चांगलं बोलणं म्हणजे ऐकणाऱ्याला घडवणारं. याकोबाच्या पत्राचा 3 रा अध्याय आणखी पुढे जातो. ज्या तोंडाने देवाची स्तुती, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप, हे चालणार नाही, असं तो बजावतो.

आज याचा काय संबंध?
ॲपचा फिल्टर शिवी गाळतो. पण फॅमिली ग्रुपवर सुनेच्या रंगावरून किंवा कुणाच्या जातीवरून मारलेला 'सभ्य' टोमणा त्यातून सहज सुटतो. पौलाच्या कसोटीवर तो सडकाच ठरतो.

मग कायम गोडच बोलायचं?
नाही. मत्तयच्या 23 व्या अध्यायात येशूने ढोंगी शास्त्री-परूश्यांना कठोर शब्दांत सुनावलं आहे. पण तो राग दुबळ्यांवर ओझी लादणाऱ्यांवर होता. आपले टोमणे बहुतेकदा दुबळ्यांवरच असतात. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांनी आणि न गाणाऱ्यांनीही सोमवारी मेसेज पाठवण्याआधी एवढा फरक तपासायला हरकत नाही.