वरळीचा बेडूक आणि कच्छचा शंख : जीवाश्मवेचकांसाठी एक धागा

मुंबईहून ठाणे-कल्याणपर्यंत लोहमार्ग न्यावा, ही कल्पना जॉर्ज टी. क्लार्क या इंजिनिअरला १८४३ साली भांडुपला गेले असताना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात सांगितले जाते. पुढची १६ एप्रिल १८५३ ही तारीख ठाणेकरांना तोंडपाठ आहे. पण याच क्लार्क यांच्या नावाशी जोडलेली आणखी एक नोंद आहे, आणि तिची आठवण ठाण्यात सहसा कोणी काढत नाही. १८४७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात त्यांचे मुंबईसंबंधीचे एक टिपण छापले गेले. त्याला पुरवणी म्हणून रिचर्ड ओवेन यांनी एका चिमुकल्या बेडकाचे वर्णन जोडले. तो बेडूक दगडातला होता.

ओवेन म्हणजे १८४२ मध्ये ‘डायनासोर’ ही संज्ञा जगाला देणारे शरीरशास्त्रज्ञ. मुंबईच्या बेडकाला त्यांनी ‘राना पुसिल्ला’ म्हटले. १९३० मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती मानली गेली आणि नाव झाले ‘इंडोबॅट्रॅकस’. वय सहा ते साडेसहा कोटी वर्षे. दख्खनचा लाव्हा जेव्हा थांबून थांबून वाहत होता, तेव्हा दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात गोड्या पाण्याची तळी साचली. त्यांच्या तळाच्या चिखलात हे बेडूक गाडले गेले, आणि नंतर आलेल्या लाव्ह्याने त्या चिखलावर झाकण घातले. दोन लाव्हाथरांमधल्या अशा पातळ गाळाला भूशास्त्रज्ञ ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात. वरळी-मलबार हिलच्या बाजूला हा गाळ उघडा पडलेला होता.

धागा बेडकापासून सुरू झाला असला तरी विषय आजचा आहे: जीवाश्म शोधण्याचा छंद, आणि तो आपण कसा करतो आहोत.

क्लार्क यांचा व्यवसाय भूशास्त्राचा नव्हता. मुंबईतली गटारे, मग मिठागरे, मग लोहमार्ग अशा कामांसाठी ते येथे आले होते. मुंबई बेटाच्या भूरचनेवर १८५२ मध्ये पहिला सविस्तर निबंध लिहिणारे हेन्री जॉन कार्टर हे शल्यवैद्य. त्या निबंधात वर्णन केलेले जीवाश्म कासव ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते डॉ. लीथ हेही वैद्यच. आपल्या नद्यांमधल्या एका जिवंत, मऊ पाठीच्या कासवालाही याच लीथ यांचे नाव आहे. तिकडे नागपूरला स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी फावल्या वेळात ताकळी, मांगली, पिसदुरा या परिसरातले अवशेष गोळा करीत होते. १८६३ मध्ये टाकळघाटाकडची शिलावर्तुळे पाहून परतताना ते पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. म्हणजे महाराष्ट्रातल्या जीवाश्मविद्येचा पाया मुख्यतः हौशी माणसांनी घातला. (त्यांच्यासाठी सुरुंगाची भोके पाडणाऱ्या आणि खडक फोडणाऱ्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या बेडकावर पहिली नजर त्यांच्यापैकीच कोणाची तरी पडली असेल, असे मला वाटते.)

म्हणून ‘हे तज्ज्ञांचे काम, सामान्यांनी हात लावू नये’ हा युक्तिवाद मला पटत नाही. पण छंद म्हणून जे चालते, तेही सगळे पटत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतल्या भटक्या मंडळींना जीवाश्म म्हटले की कच्छ आठवते, आणि ते साहजिक आहे. आपल्या पायाखाली लाव्हा आहे. वितळलेल्या दगडात प्राणी टिकत नाही. शिवाय पनवेलच्या बाजूने उत्तरेकडे जाणाऱ्या एका मोठ्या वाकामुळे इथले थर पश्चिमेकडे कललेले आहेत. त्यामुळे लाव्ह्याच्या चळतीतले वरचे, नंतरचे थर मुंबई बेटावर दिसतात आणि कल्याणच्या पूर्वेला खालचे, जुने थर उघडे पडतात. मुंबईसारखा तळ्याचा गाळ मलंगगडाच्या पायथ्याशी मिळेल, अशी फारशी आशा धरू नये. कच्छमध्ये मात्र जुरासिक समुद्राचा तळच वर आलेला आहे. ओढ्याघळींनी कोरलेला तो उजाड माळ, भूगोलाच्या पुस्तकातली ‘उत्खातभूमी’, दर पावसाळ्यात थोडा झिजतो आणि दर पावसाळ्यानंतर नवे शंख उघडे करतो. रणोत्सवाला गेलेला माणूस वाट वाकडी करून किरा डोंगराकडे गेला, तर रिकाम्या हाताने परतणे त्याला कठीण जाते.

हे शंख म्हणजे ॲमोनाइट. आपल्या कोळीवाड्यात मिळणाऱ्या माकुलाचे, डायनासोरांबरोबर नामशेष झालेले दूरचे नातलग. ज्यांच्या देवघरात चक्रांकित शाळिग्राम आहे, त्यांच्या घरी बहुधा एक ॲमोनाइट पिढ्यान् पिढ्या पूजेत आहे. नेपाळच्या गंडकीच्या खोऱ्यातल्या काळ्या गाळखडकात तो घडला. तेव्हा हा छंद परदेशातून आला असे म्हणण्याचे कारण नाही. दगडातले चक्र ओळखून ते जपणे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

कच्छच्या ॲमोनाइटचा विद्वत्तेतला प्रवासही मुंबईमार्गेच झाला. बॉम्बे इंजिनिअर्स या पलटणीतल्या कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट यांनी कच्छचा पहिला भूशास्त्रीय नकाशा तयार केला. त्यांचा वृत्तांत १८४० मध्ये लंडनला छापला गेला. १८७३ ते १८७५ या काळात वागेन यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी या शंखांवर ग्रंथ लिहिला. पुढे लंडनच्या स्पाथ यांनी त्यांची फेरमांडणी करताना कच्छमधल्या ठिकाणांची नावेच प्रजातींना दिली. कटरोल टेकड्यांवरून ‘कटरोलिसेरास’ आणि धोसा गावावरून ‘धोसाइट्स’. जगात कोठेही असा शंख सापडला की कच्छमधल्या एका खेड्याचे नाव घ्यावे लागते. हे शक्य झाले, कारण उचलणाऱ्याने शंख कोणत्या गावाजवळच्या, कोणत्या थरातून उचलला, ते लिहून ठेवले होते.

आजच्या छंदात नेमके हेच लिखाण गळून पडते. डोंबिवलीच्या एखाद्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात सोळा कोटी वर्षांचा शंख असतो, चांगला घासूनपुसून ठेवलेला, आणि खाली चिठ्ठी नसते. ‘कच्छ, २०१९’ एवढे जरी घरच्यांना आठवत असले, तरी त्या शंखाचे शास्त्रीय मोल जवळजवळ संपलेले असते. ॲमोनाइट प्रजाती झपाट्याने बदलत गेल्या, म्हणून त्यांचा उपयोग घड्याळाच्या काट्यासारखा होतो. कोणता थर कधीचा हे त्यांच्यावरून ठरवतात. थरातून सुटलेला काटा कोणती वेळ दाखवणार?

सुंदर तेवढे उचलायचे, या सवयीला उत्तर म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचे उदाहरण सांगतो. वरोरा तालुक्यातल्या या गावाच्या शेतांमध्ये मातकट, बोटाएवढे ते मुठीएवढे गोळे मिळतात. हौशी माणूस त्यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. ही अश्मीभूत विष्ठा आहे. मॅटली यांनी १९३९ मध्ये तिचे वर्णन केले होते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी हेच गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींमधले वाळूसारखे कण सापडले. गवत डायनासोर नाहीसे झाल्यानंतरच फोफावले, अशी तोवरची समजूत होती. विदर्भातल्या शेणाच्या दगडांनी ती मोडली आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची नोंद झाली. ते गोळे कोणी पर्यटक आठवण म्हणून उचलून नेत नव्हता, हे आपले भाग्य!

उलट बाजूचे उदाहरणही जवळच, मराठी पवारांच्या जुन्या धार संस्थानाच्या मुलखात आहे. तेथील विशाल वर्मा हे शाळाशिक्षक वर्षानुवर्षे नर्मदेच्या खोऱ्यात डायनासोरांची अंडी शोधत आले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या सहलेखकांत वर्मा यांचे नाव दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांच्या बरोबरीने होते. घरटी जागेवरच राहिली, मोजली गेली, एकमेकांपासूनची त्यांची अंतरे नोंदवली गेली. अंडी कपाटात गेली असती, तर मादी अंडी कशी घालत होती, घरटी एकमेकांच्या किती जवळ होती, हे कधीच कळले नसते. त्याच वर्षाच्या शेवटी बातमी आली, की त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक ज्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पूजत होते, तेही अशीच अंडी आहेत. भक्तांनी ती राखली, हे संग्राहकांपेक्षा बरेच म्हणायचे.

मग नियम काय असावा? मंगोलियाने १९२४ पासून आपले जीवाश्म राष्ट्राची मालमत्ता मानले आहेत. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक बोली लागलेला डायनासोरचा सांगाडा त्यांनी न्यायालयातून सोडवून परत नेला. अमेरिकेचा २००९ चा कायदा मधला मार्ग काढतो. विशिष्ट सरकारी जमिनींवर सामान्य माणसाला शंख-शिंपले व वनस्पतींचे अवशेष स्वतःसाठी थोडे उचलता येतात. हाडे असलेल्या प्राण्यांच्या अवशेषाला मात्र परवान्याशिवाय हात लावायचा नाही. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर उचलायला मुभा आहे, पण महत्त्वाच्या वस्तूची नोंद करावी असा तेथला संकेत आहे. समुद्र ती वस्तू नाहीतर भुकटी करून टाकणारच असतो. आपल्याकडे भूवारसा स्थळे व अवशेषांच्या जतनासाठी डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा पुढे आला. त्यात नियंत्रण आहे, शिक्षा आहे. पण हौशी माणसाला भागीदार करून घेण्याचा विचार मला त्यात पुरेसा दिसला नाही. केवळ बंदीने माल कपाटातून माळ्यावर जाईल, संग्रहालयात येणार नाही.

मला अमेरिकेची मधली वाट आपल्यासाठी बरी वाटते, तीही आणखी आवळून. हाड, दात, अंडे दिसले तर छायाचित्र घ्यावे, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहावेत आणि दगड जागेवरच ठेवून जवळच्या विद्यापीठाला कळवावे. शंख उचललाच, तर तो ओढ्यात सुटून पडलेला असावा. छिन्नी-हातोडा घरी ठेवावा.

आणि कच्छला जायच्या आधी घराजवळ पाहावे. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, ऐरोली-काटई मार्गाचा पारसिक डोंगरातला बोगदा, बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा आणि त्यातले ७ किलोमीटर खाडीखालून जाणारा मार्ग: आपल्या परिसराच्या पोटात एकाच वेळी एवढे खोदकाम पूर्वी कधी झाले नसेल. बोगद्याआधी ठिकठिकाणी छिद्रे पाडून खडकाचे दंडगोल काढतात, लाकडी खोक्यांत क्रमाने मांडतात, आणि कोणत्या खोलीवर काय लागले याची नोंद करतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या रेषेत एखाद्या तळ्याचा गाळ लागला असेल, तर तो त्या खोक्यांत असणार. काम संपल्यावर या खोक्यांचे काय होते? ती टाकून न देता कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, ठाण्याचे बांदोडकर, डोंबिवलीचे पेंढरकर यांपैकी कोणाच्या तरी खोलीत ठेवण्याची अट कंत्राटात घालणे अवघड नाही. क्लार्क यांना जे एका खणलेल्या उतारावर दिसले, ते आज शंभर मीटर खोलीवरून क्रमांक टाकून वर येते आहे.

मुंबईचा गाळ संपलेला नाही, हेही लक्षात असू द्यावे. २००३ मध्ये आंबोलीच्या दगडखाणीतल्या नमुन्यावरून कासवाची एक नवी प्रजाती जाहीर झाली. तिचे नाव ‘संकुकेमिस सेठनाय’. उत्तरार्ध मुंबईच्या खडकांवर आयुष्यभर काम केलेल्या सेठना या प्राध्यापकांच्या नावावरून. अंधेरी-जोगेश्वरीच्या मधल्या खाणीतून, आपल्या लोकल गाड्यांच्या आवाजाच्या टप्प्यातून, हे कासव आले.

ज्यांच्या घरी कच्छचा शंख आधीच येऊन बसला आहे, त्यांनी तो परत नेऊन टाकू नये. चुकीच्या थरावर पडलेला शंख पुढच्या अभ्यासकाला फसवील. त्या सहलीची छायाचित्रे मोबाइलमध्ये शोधावीत, बहुतेकांत ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदलेली असते. गावाचे नाव, ओढा, खडकाचा रंग, सोबत कोण होते, जे आठवेल ते जाड कागदावर लिहावे आणि शंखाला एक क्रमांक द्यावा. चिठ्ठी हरवली तरी क्रमांक राहावा, म्हणून तो शंखाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने लिहावा. घासूनपुसून चकाकी आणू नये.