नर्सिंग ही उरल्यासुरल्यांची वाट नव्हे

बारावीचा निकाल लागला की देवगड तालुक्यातल्या मिठबावात पेढ्यांबरोबर सल्लेही वाटले जातात. कोकण विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून बारावीच्या निकालात ते राज्यात अव्वल राहत आलं आहे. २०२५ मध्ये इथले ९६.७४ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. म्हणजे गुणांचा दुष्काळ इथे नाही. तरीही एखाद्या मुलीने ‘मला नर्सिंगला जायचंय’ असं म्हटलं की ओटीवर दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष जुना. तो म्हणतो, “आमच्या चेडवान लोकांची घाण काढूची? आणि रात्रपाळी करणाऱ्या चेडवाशी लगीन कोण करतलो?” दुसरा पक्ष अलीकडचा. त्याच्या हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक असतं आणि तोंडी एकच घोष: डोळे झाकून प्रवेश घ्या, नोकरी शंभर टक्के, नाहीतर थेट जर्मनी.

एकाला नर्सिंग हलकं वाटतं, दुसऱ्याला सोपं. भांडण जोरात चालतं, पण चूक दोघांची एकच आहे. नर्सिंग ही शिकावी लागणारी विद्या आहे, हे दोघांच्याही गावी नाही.

आधी जुन्या पक्षाचं ऐकू. बेडपॅन द्यावं लागतं, उलटी पुसावी लागते, जखमेचा वास सोसावा लागतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्या भांड्यात परिचारिका काय पाहते? शस्त्रक्रिया होऊन आलेल्या रुग्णाला दर तासाला लघवी किती झाली, हे ती मोजून तक्त्यावर लिहिते. मोठ्या माणसाचं हे प्रमाण तासाला साधारण ३० मिलिलिटरच्या खाली गेलं, तर मूत्रपिंडाला पुरेसं रक्त पोचत नसल्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना उठवायचं. रुग्ण शांत झोपलेला दिसतो, नातेवाईक निर्धास्त असतात, आणि धोक्याची पहिली खूण त्या ‘घाणीत’ सापडते. ती ओळखायला शरीरक्रियाशास्त्र यावं लागतं.

सलाईनचंही तसंच. गावात कुणाला ‘बाटली चढवली’ की काम झालं असं मानतात. डॉक्टर लिहून जातात: एक लिटर, आठ तासांत. पुढचा हिशेब परिचारिकेचा. एका मिलिलिटरमागे २० थेंब सोडणारा सेट असेल, तर हजार मिलिलिटरचे वीस हजार थेंब. आठ तासांची ४८० मिनिटं. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हातातल्या घड्याळावर नजर ठेवून ती चकती फिरवत तो वेग लावते. लहान मुलासाठीच्या सेटमधून एका मिलिलिटरमागे ६० थेंब पडतात, तिथे सगळं गणित बदलतं. हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हीच बाटली भरभर गेली, तर फुप्फुसात पाणी साचू शकतं. याला कोणी हमाली म्हणत असेल, तर त्याने एकदा हे गणित सोडवून दाखवावं.

इतकं दूर तरी कशाला जायचं? गावात लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून लस आणते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. कुपीवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन छापलेला असतो. कुपीला उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळाच्या रंगाला भिडला की ती लस टाकून द्यायची. बीसीजीची कुपी एकदा द्रावणात मिसळली की चार तासांच्या पुढे वापरायची नाही. बाळ रडतंय, आजी घाई करतेय, आणि ती बाई आधी तो इवलासा चौकोन न्याहाळतेय. तेवढ्या नजरेवर त्या बाळाचं संरक्षण अवलंबून असतं.

या विद्येची सर्वांत कठोर परीक्षा मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. मधली बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतका काळ पडून असलेल्या रुग्णाला बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, हे घरात आजारी माणूस सांभाळलेल्याला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविषयीच्या मार्च २०११ च्या निकालात या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. माया हवीच, पण वेळ पाळून कूस बदलणं, त्वचा कोरडी ठेवणं, नळीतून नेमका आहार देणं हे शिकलेल्या हातांचं काम आहे.

‘चांगल्या घरच्या मुली जात नाहीत’ हा आक्षेप तर शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघायला हवा होता. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, आणि पुढे ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय त्याच संस्थेने केली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीने विधवांना आणि गरजू बायकांना या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा पुण्यातली कुजबूज आजच्या ओटीवरच्या गप्पांपेक्षा सौम्य नव्हती. कुजबूज करणारे विस्मरणात गेले, परिचारिका कामाला लागल्या.

रात्रपाळीचं काय? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अंजली कुलथे मुंबईच्या कामा रुग्णालयात रात्रपाळीवरच होत्या. त्यांच्या कक्षात २० गर्भवती होत्या. अतिरेकी आवारात शिरलेले दिसताच त्यांनी दारं लावून घेतली आणि सगळ्यांना एका छोट्या पँट्रीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या आडोशाने तिला प्रसूतिकक्षात पोचवलं. पुढे त्यांनी त्या अतिरेक्यांपैकी कसाबला ओळखलं, न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हा अनुभव मांडला. रात्रपाळीच्या नावाने नाक मुरडणाऱ्या सोयऱ्यांनी आपल्या घरातलं बाळंतपण रात्री दोनला आलं तर दारात कोण हवं, याचा विचार करावा.

आणि हे फक्त मुलींचंच काम, असंही नाही. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंगची दारं मुलांनाही उघडी आहेत. एम्सच्या नर्सिंग अधिकारी भरतीतही पुरुष घेतले जातात. मुंबईत पडेल ती नोकरी शोधत फिरणाऱ्या पोरग्याला हे कुणी सांगतच नाही.

जुन्या पक्षाचा निकाल लागला. आता माहितीपत्रकवाल्यांकडे वळू. त्यांची भाषा गोड असते म्हणून त्यांचं खंडन अधिक गरजेचं आहे.

जगात परिचारिका कमी पडताहेत, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगभरात २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि तूट ५८ लाखांची आहे. पण जगातली तूट म्हणजे प्रत्येक प्रमाणपत्राला नोकरी नव्हे. राज्य शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं. त्या मोजक्या जागांसाठी मोठी रांग असते. खासगीत चित्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तिथे शासकीय वेतनाइतकं. ही शिफारस कागदावर आहे. आपल्या भागात प्रत्यक्षात किती हाती पडतं, ते नुकतीच नोकरीला लागलेली मुलगीच सांगेल. तिला विचारल्याशिवाय कर्ज काढू नये.

जर्मनीचंही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत. पण तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत यावी लागते, म्हणजे रुग्णाची तक्रार नीट समजून तिचा अहवाल लिहिता येईल इतकी. माहितीपत्रकावर विमानाचं चित्र असतं, भाषेच्या या अटीचा उल्लेख नसतो.

सर्वांत मोठी फसगत सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग’ कोर्सांची. टोपी मिळते, गणवेश मिळतो, फोटो निघतो. पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. देवगडचा माणूस हापूसची पेटी घेताना फळ देवगडचं की बाहेरचं, हे देठ पाहून, वास घेऊन पारखतो. तीच चिकित्सा शाळा निवडताना मात्र पेटीवरच्या चित्रावर थांबते.

मग पारख कशी करायची? परिचर्येची विद्या वर्गात अर्धीच शिकवता येते, उरलेली खाटेपाशी. म्हणून शाळेची इमारत पाहण्याआधी तिचं रुग्णालय पाहावं. बी.एस्सी. महाविद्यालयाला १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय असावं, खाटा निदान ७५ टक्के भरलेल्या असाव्यात आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, अशी भारतीय परिचर्या परिषदेची अपेक्षा आहे. रिकाम्या खाटांच्या वॉर्डात पुतळ्यावर इंजेक्शन टोचून कुणी परिचारिका होत नाही. सिंधुदुर्गातल्या मुलीला यासाठी फार लांब जायची गरज नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कुडाळला बॅरिस्टर नाथ पै शिक्षण संस्थेचं नर्सिंग महाविद्यालय आहे.

कोर्स निवडतानाही घोळ नको. बी.एस्सी. चार वर्षांची, तिला बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्र हवं आणि राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. शंभर गुण: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी वीस. जीएनएम तीन वर्षांचा, एएनएम दोन वर्षांचा, आणि हे दोन्ही इतर शाखांतूनही करता येतात. पदवी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, पदविकेची परीक्षा शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. आरक्षणातून अर्ज करायचा असेल, तर जात वैधता प्रमाणपत्रासाठी निकालाची वाट पाहत बसू नये. गुण असूनही कागदाअभावी जागा हुकते.

प्रवेशानंतरचे पहिले महिने पांढऱ्या कपड्यांतल्या कौतुकाचे नसतात. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र इंग्रजीतून समोर येतं, मराठी माध्यमातली मुलगी पहिल्या चाचणीत हबकते. हात धुण्यासारखी गोष्टही पायरीपायरीने, ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट पुन्हा शिकावी लागते. रुग्ण खाटेवर असतानाच चादर बदलायला शिकतात. पहिला मृत्यू दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वॉर्डात जावं लागतं. काहीजणी इथेच परततात. त्यात लाज नाही; पण ‘दुसरं काही मिळालं नाही’ म्हणून आलेल्या जास्त परततात, ठरवून आलेल्या टिकतात. म्हणून ही वाट पसंतीक्रमात शेवटी नव्हे, वर लिहायची.

तेव्हा मिठबावातल्या आई-बाबांना विनंती एवढीच. अर्ज भरण्याआधी मुलीला घेऊन एका सकाळी पाळी बदलण्याच्या वेळेला त्या शाळेच्या रुग्णालयात जा. किती खाटांवर खरोखर रुग्ण आहेत ते पाहा. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा: वॉर्डात शिकवायला मॅडम सोबत येतात का, मूळ कागदपत्रं कॉलेज ठेवून घेतं का, मागच्या वर्षीच्या मुली कुठे लागल्या. परिचर्या परिषदेची मान्यता स्वतः तपासा. उत्तरं पटली, तरच पहिला हप्ता भरा.